पौल स्वतः ज्यू होता, मग ज्यू सभास्थानांमधून त्याला इतका विरोध का झाला?

इ.स. 50 च्या आसपासची घटना. मॅसिडोनियातल्या थेस्सलनीका या बंदराच्या शहरात एक जमाव यासोन नावाच्या माणसाच्या घरावर चालून गेला. जमावाला त्याच्याकडे उतरलेले दोन पाहुणे हवे होते, पौल आणि सीला. ते सापडले नाहीत, तेव्हा यासोनलाच ओढत शहराच्या अधिकाऱ्यांपुढे नेलं गेलं. हे लोक सम्राटाचे हुकूम मोडतात आणि येशू नावाचा दुसराच राजा असल्याचं सांगत फिरतात, असा आरोप होता. यासोन जामिनावर सुटला. पौल आणि सीला यांना त्यांच्या माणसांनी रातोरात बिरुया या गावी पाठवून दिलं.

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात असे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. पिसिदियातल्या अंत्युखियातून पौलाची हकालपट्टी झाली. लुस्त्रात त्याच्यावर दगडफेक झाली आणि मेला असं समजून लोकांनी त्याला गावाबाहेर टाकलं. या विरोधात स्थानिक ज्यू समाजातली मंडळी पुढे असल्याचं हे पुस्तक सांगतं. पण का, याचं उत्तर ते बहुतेक वेळा ‘मत्सर’ या एका शब्दात उरकतं. त्या काळातल्या ज्यू समाजाची परिस्थिती पाहिली, तर हे उत्तर अपुरं वाटतं.

हा वाद घरातला होता

पहिल्या शतकात ज्यूंची मोठी संख्या यरुशलेमपासून दूर, रोमन साम्राज्यातल्या शहरांमध्ये राहत होती. अलेक्झांड्रिया, अंत्युखिया, इफिस, करिंथ, खुद्द रोम. याच विखुरलेल्या समाजाला डायस्पोरा म्हणतात. पौल त्यातलाच एक होता. त्याचा जन्म आजच्या तुर्कस्तानातल्या तार्स शहरातला. येशूच्या अनुयायांचा आधी आपणच छळ केला, हे त्याने आपल्या पत्रांमध्ये स्वतः लिहिलं आहे.

नव्या शहरात गेला की तो सहसा आधी सभास्थान गाठायचा. तिथे शब्बाथला, म्हणजे शनिवारी, शास्त्रवाचन व्हायचं आणि जाणत्या पाहुण्याला बोलायची संधी मिळायची. त्या वेळी ‘ख्रिस्ती धर्म’ असा वेगळा धर्म उभा राहिलेला नव्हता. एक ज्यू दुसऱ्या ज्यूंना सांगत होता की ज्याची वाट पाहत होतो तो मसीहा येऊन गेला, आणि त्याला रोमनांनी वधस्तंभावर मारलं. ऐकणाऱ्यांना इथेच पहिली ठेच लागायची. झाडावर टांगलेला मनुष्य शापित, असं मोशेचं नियमशास्त्र सांगतं. मग असा माणूस मसीहा कसा?

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला एक तपशील फार बोलका आहे. ज्यूंकडून आपल्याला पाच वेळा प्रत्येकी 39 फटके बसले, असं तो सांगतो. नियमशास्त्रात फटक्यांची मर्यादा 40 होती. मोजणीत चूक होऊ नये म्हणून एक कमी मारायची पद्धत पडली होती. ही शिक्षा सभास्थान आपल्या माणसाला देत असे. पौलाने समाजाशी नातं तोडून टाकलं असतं, तर तिच्यापुढे पाठ वाकवायची त्याला गरज नव्हती. पाच वेळा फटके खाऊनही तो सभास्थानात जात राहिला, आणि सभास्थानही त्याला आपल्यातलाच धरून शिक्षा देत राहिलं.

खरी ठिणगी: सुंता आणि ‘देवभिरू’ मंडळी

सभास्थानात फक्त ज्यू येत नसत. ज्यूंच्या एकाच देवाबद्दल ओढ वाटणारे ग्रीक-रोमन लोकही येत. त्यांना देवभिरू म्हटलं जाई. त्यात प्रतिष्ठित घरातल्या स्त्रिया बऱ्याच होत्या. पण पूर्णपणे ज्यू व्हायचं तर पुरुषांना सुंता करावी लागे. त्यामुळे अनेक जण उंबरठ्यावरच थांबत.

पौलाने त्यांना सांगितलं की सुंतेशिवायही तुम्ही देवाच्या प्रजेत पूर्ण सामील आहात. देवभिरूंना यापेक्षा गोड बातमी कोणती? सभास्थानाच्या प्रमुखांसाठी मात्र प्रश्न दुहेरी होता. पिढ्यानपिढ्या परक्या शहरांत ज्या खुणांनी समाज टिकवला, त्याच खुणा कुणीतरी ऐच्छिक ठरवत होतं. शिवाय शहरात ज्यांच्या शब्दाला वजन होतं असे हितचिंतकही हातचे जात होते. आपण सुंतेचा प्रचार केला असता तर आपला छळ कशाला झाला असता, असा सवाल गलतीकरांच्या पत्रात पौल स्वतःच करतो.

करिंथमध्ये तर तो सभास्थानातून बाहेर पडला आणि त्याला अगदी लागून असलेल्या एका देवभिरूच्या घरात जाऊन शिकवू लागला. सभास्थानाचा अधिकारी क्रिस्प हाही त्याच्या बाजूला गेला. भिंतीला भिंत लागून हे चाललेलं असताना वातावरण कसं असेल, याची कल्पना करता येते.

भीती रोमची

ज्यूंना साम्राज्यात काही सवलती होत्या. शब्बाथ पाळता येत होता, यरुशलेमच्या मंदिरासाठी पैसा पाठवता येत होता, रोमन देवतांच्या पूजेपासून त्यांना दूर राहता येत होतं. ज्युलियस सीझर आणि ऑगस्टस यांच्या काळापासून चालत आलेली ही मोकळीक होती, पण ती वरच्यांच्या मर्जीवर होती. इ.स. 38 मध्ये अलेक्झांड्रियात ज्यू वस्तीवर भीषण हल्ले झाले. पुढे 41 मध्ये सम्राट क्लॉडियसने तिथल्या ज्यूंना सवलती कायम ठेवल्याचं कळवलं, पण सिरिया-इजिप्तमधून येणाऱ्या ज्यूंना थारा दिलात तर खैर नाही, असा दमही भरला. सुमारे 49 मध्ये त्याने रोममधून ज्यूंना बाहेर काढलं. ‘क्रेस्तुस’ नावाच्या कुणाच्या चिथावणीवरून ते गोंधळ घालत होते, असं इतिहासकार सुएटोनियस सांगतो. अनेक अभ्यासक हे नाव ख्रिस्ताचंच मानतात.

अशा हवेत बाहेरून आलेला एक ज्यू भर शहरात दुसऱ्या राजाचं नाव घेतो. उद्या अधिकाऱ्यांनी सगळ्या वस्तीलाच जबाबदार धरलं तर? थेस्सलनीकातला आरोप या भीतीशिवाय नीट समजत नाही.

ही भीती हवेतली नव्हती. फिलिप्पैमध्ये पौलाला फटके पडले ते ज्यूंमुळे नव्हे. दासीच्या भविष्यकथनावर कमाई करणाऱ्या मालकांचा धंदा बुडाला, म्हणून त्यांनी तक्रार केली. तक्रारीत पहिलाच मुद्दा होता की ही माणसं ज्यू आहेत. इफिसमध्ये चांदीच्या कारागिरांनी पौलाविरुद्ध दंगा माजवला, तेव्हा अलेक्सांद्र नावाचा ज्यू जमावाशी बोलायला पुढे झाला. तो ज्यू आहे हे कळताच जमाव सुमारे दोन तास आर्तमी देवीच्या घोषणा देत राहिला. पौलाच्या नावाने पेटलेल्या दंग्यात पौलाला मानणारे आणि न मानणारे ज्यू असा फरक कुणी करत नव्हतं.

रोमन अधिकाऱ्याने काय केलं?

करिंथमध्ये प्रकरण प्रांताधिकारी गल्लियोपुढे गेलं. हा तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. हा तुमच्या नियमशास्त्राचा वाद आहे, तुमचं तुम्ही बघा, असं सांगत त्याने तक्रार फेटाळली. सभास्थानाचा प्रमुख सोस्थनेस याला न्यायासनासमोर मारहाण झाली, तरी त्याने लक्ष दिलं नाही. ग्रीसमधल्या डेल्फी इथे सापडलेल्या एका शिलालेखात गल्लियोचा उल्लेख आहे. त्यावरून त्याचा कार्यकाळ साधारण इ.स. 51-52 असा ठरतो, आणि पौलाच्या प्रवासाच्या तारखा मुख्यतः याच दगडाच्या आधारे मांडल्या जातात.

‘ज्यू’ हा शब्द वाचताना

बहुतेक अभ्यासकांच्या मते ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक पौलाच्या मृत्यूनंतर काही दशकांनी लिहिलं गेलं. तोवर दोन गटांमधली दरी वाढली होती. त्यात सरसकट ‘ज्यूंनी’ असं येतं, पण त्याच पानांवर पौलाचं पटलेले ज्यूही आहेत, आणि बिरुयातले ज्यू तर रोज शास्त्र उघडून त्याचं म्हणणं तपासताना दिसतात. थेस्सलनीका किंवा करिंथच्या सभास्थान प्रमुखांची बाजू सांगणारं त्यांचं स्वतःचं लिखाण मात्र आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

पुढे ख्रिस्ती धर्म सत्तेत आला आणि हीच वाक्यं संपूर्ण ज्यू समाजावर दोष ठेवण्यासाठी शतकानुशतकं वापरली गेली. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही, असं कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात सांगितलं, ते 1965 साली.