पिवळा रंग किती उमटला?

आमच्या बोरी अरबकडे पऱ्हाटीवर मारतात त्याला कुणी कीटकनाशक म्हणत नाही, ‘औषध’ म्हणतात. २०१७च्या हंगामात या औषधाच्या फवारणीमुळे यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं. मास्क, हातमोजे, बेकायदा औषधं यांवर पुष्कळ बोललं गेलं. हे विष रक्तात मोजायची पद्धत मात्र तेव्हाच ५६ वर्षं जुनी होती. तिची ही गोष्ट.

मज्जातंतूंचा निरोप रसायनातून जातो, हे ऑटो लोवी यांनी १९२१मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं. ते रसायन म्हणजे असिटाइलकोलिन. निरोप पोचला की त्याचे तुकडे करणारं विकर म्हणजे कोलिनएस्टरेज. मोनोक्रोटोफॉससारखं ऑर्गॅनोफॉस्फेट औषध या विकराच्या नेमक्या कामाच्या जागी चिकटून बसतं. मग निरोप थांबतच नाही: लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, शेवटी अडकलेला श्वास. आधी ही पकड सोडवता येते. १९५५मध्ये अमेरिकेत त्यासाठी प्रॅलिडॉक्सिम हे औषध तयार झालं. पण वेळ गेला की पकड कायमची होते.

किती विकर निकामी झालं, हे कसं कळणार? १९६१मध्ये जॉर्ज एलमन आणि सहकाऱ्यांनी सोपी युक्ती काढली. असिटाइलकोलिनसारखाच, पण गंधक असलेला पदार्थ रक्ताच्या नमुन्यात घालायचा. विकर शाबूत असेल तर ते त्याला तोडतं, आणि सुटलेला तुकडा दुसऱ्या एका रसायनाशी मिळून पिवळा रंग देतो. हा रंग ४१२ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचा. पिवळेपणा जितका सावकाश चढेल, तितकं विकर अडकलेलं.

यात एक मेख आहे. निरोगी माणसांमध्येही या विकराचं प्रमाण बरंच कमीजास्त असतं. नुसता आजारपणातला आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. तुलनेला त्याच माणसाचा फवारणीआधीचा आकडा लागतो. कॅलिफोर्नियाने १९७४पासून शेतात ही औषधं हाताळणाऱ्या कामगारांसाठी अशी तपासणी सक्तीची केली. आकडा ठरावीक मर्यादेखाली आला की माणसाला फवारणीवरून बाजूला काढायचं.

आपल्याकडे १९५८मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसं मेली. त्यातून १९६८चा कीटकनाशक कायदा आला. त्याने औषधाच्या डब्याची नोंदणी केली. पंप पाठीवर घेणाऱ्या शेतकरी-मजुराच्या रक्ताची नोंद मात्र प्रत्यक्षात क्वचितच वहीत आली.

२०१७मध्ये वापरलेली सगळीच औषधं या विकराला धरत नव्हती, त्यामुळे ही चाचणी सगळ्यांना पुरली नसती. पण ज्यांच्याबाबतीत ती चालली असती, त्यांचाही जून महिन्यातला आकडा कुठे होता? चाचणी हंगामाआधी करायची असते. दवाखान्याच्या खाटेवर तिला उशीर झालेला असतो.