न झोपणारी वेल: निफाडची थंडी आणि द्राक्षाची शंभर वर्षं

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात घरापासून करतो.

डिसेंबर २०१८ चा शेवटचा आठवडा. मी बीटेकच्या शेवटच्या वर्षाला होतो, सुट्टीत सायखेड्याला आलेलो. निफाडचा पारा दोन अंशांच्या खाली गेला होता. रात्री अडीचला नानांनी उठवलं, "ऊठ, शेकोट्या पेटवायच्यात." छाटणीच्या काड्या आणि उसाचं पाचट ओळींच्या कडेला रचलेलं होतं. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीला होती, म्हणून मोटर तरी चालली. पहाटे पानांवरचं दव गोठलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आमचे दोन प्लॉट. वरचा ऑक्टोबरमध्ये छाटलेला, त्याचे मणी धरले होते. खालचा, नदीकडचा, नोव्हेंबरच्या मध्याला छाटलेला, त्याचे शेंडे अजून कोवळे. वरचा वाचला. खालचे शेंडे दोन दिवसांत काळे पडले. सोसायटीचं कर्ज त्याच प्लॉटवर होतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. द्राक्ष तर थंड देशांतलं पीक, मग थंडीने का मरावं?

उत्तर वेलीच्या झोपेत आहे. युरोपात हिवाळा लागला की वेल पानं गाळते आणि झोपते. त्या अवस्थेत ती शून्याच्या बरीच खालची थंडी सोसते. आपल्याकडे हिवाळा सौम्य, वेल झोपतच नाही. दख्खनमध्ये द्राक्ष चौदाव्या शतकात, मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली त्या काळात आलं असं मानतात. आपल्या भागातली सुरुवात मात्र सायखेड्यापासून जवळच्या ओझरची सांगतात. १९२५ च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी तिथे बाग लावली. आधी भोकरी, मग अनाब-ए-शाही आणि नंतर थॉमसन सीडलेस, असा जातींचा प्रवास झाला.

या सगळ्यात आपल्या लोकांनी एक वेगळी पद्धत बसवली. वर्षात दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी फळाला. झोपेशिवाय डोळे एकसारखे फुटत नाहीत, म्हणून छाटल्यावर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात. म्हणजे युरोपातली वेल ज्या वेळी झोपायला जाते, त्याच वेळी आपण तिला उठवतो. त्यामुळेच फेब्रुवारी-मार्चमध्ये आपला माल युरोपात विकला जातो. आणि त्याचमुळे ऐन थंडीत आपल्या वेलीवर सगळ्यात नाजूक फूट असते.

आता हीच गोष्ट फ्रान्समध्ये उलट्या बाजूने घडली. २०२१ चा मार्च अखेर तिथे विलक्षण उबदार गेला, वेली लवकर फुटल्या. मग एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पारा शून्याच्या खाली. शाब्लीच्या शेतकऱ्यांनी रात्रभर बागांत मोठाल्या मेणबत्त्या पेटवल्या. ते फोटो पाहून मला आमच्या शेकोट्याच आठवल्या. झोपलेल्या वेलीला थंडी मारत नाही, जागी झालेल्या वेलीला मारते.

मग करायचं काय? स्वच्छ आकाश, वारा पडलेला, अशा रात्री जमीन उष्णता वर सोडते आणि जड गार हवा उतारावरून खोलगट जागी साचते. म्हणून आमचा नदीकडचा प्लॉट आधी गेला. ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते, म्हणून थंडीच्या अंदाजावर आधीच पाणी द्यायचं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं. धुरापेक्षा छोट्या-छोट्या अनेक शेकोट्यांची ऊब जास्त कामाची, एकच मोठा जाळ गरम हवा वर घेऊन जातो. थंडीच्या तोंडावर नत्र जास्त दिलं तर फूट आणखी लुसलुशीत होते, ते टाळायचं.

नोकरीला लागल्यावर मी एक तापमानाचा सेन्सर बनवून शेडच्या पत्र्याखाली लावला. ऐन थंडीत तो चार अंश दाखवायचा आणि खालच्या प्लॉटमध्ये दव गोठलेलं! चूक माझीच. पान हवेपेक्षा गार होतं, आणि खोलगट जागा पत्र्याखालच्या जागेपेक्षा. आता सेन्सर खालच्या ओळीत, फुटीच्या उंचीवर आहे. दोन अंश उरले की नानांचा फोन वाजतो.

पण खरा उपाय नानांनीच काढला. खालच्या प्लॉटची छाटणी आता दसऱ्याच्या आसपास उरकतो, म्हणजे डिसेंबर अखेरीस कोवळे शेंडे राहत नाहीत. त्यात परतीच्या पावसाची जोखीम आहेच. "पाऊस की थंडी, एक शत्रू निवडावा लागतो," असं नाना म्हणतात.

शंभर वर्षांचा इतिहास बहुधा याच एका वाक्यात आहे. तुमच्याकडे थंडीत बाग कशी सांभाळतात, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.