सुदुंबरे आणि परिसर : स्कूटरवरून एका दिवसात काय पाहता येते?

पुणे जिल्ह्यातील मावळ म्हटले की लोणावळा, खंडाळा, राजमाची, लोहगड ही नावे आठवतात. याच तालुक्याच्या पूर्व टोकाला, तळेगाव-चाकण रस्त्यावर सुदुंबरे हे गाव आहे. संत तुकाराम महाराजांचे अभंग लिहून ठेवणारे संत संताजी जगनाडे महाराज यांची समाधी येथे आहे. देहू, भंडारा डोंगर, भामचंद्र डोंगर, इंदोरी आणि तळेगाव दाभाडे ही ठिकाणेही जवळच असल्यामुळे सुदुंबरे मध्यावर धरून हा सगळा परिसर एका दिवसात पाहता येतो.

स्कूटर कशासाठी?

ही ठिकाणे एकमेकांपासून थोड्याच अंतरावर असली तरी एका सरळ रस्त्यावर नाहीत. देहूपर्यंत बस मिळते. देहूरोड आणि तळेगाव ही पुणे-लोणावळा लोकलची स्थानके आहेत. पण डोंगराचे फाटे, गावठाणातील बोळ आणि नदीकाठच्या वाटा यांसाठी स्वतःचे वाहन लागते, आणि यात्रेच्या दिवशी चारचाकी उभी करायलाही जागा मिळत नाही. संपूर्ण फेरी साधारण ५० ते ६० किलोमीटरची होते. साधी स्कूटर तेवढी सहज करते.

या भागाला स्कूटर काही नवी नाही. १९७२ मध्ये बाजारात आलेली बजाज चेतक जिथे तयार होत असे, ते आकुर्डी येथून फार लांब नाही. पुण्यातील अनेक कुटुंबांची देहू-आळंदीची वारी त्या काळी चेतकवरूनच होत असे.

सकाळ : देहू आणि भंडारा डोंगर

फेरीची सुरुवात देहूपासून करणे सोयीचे. मुख्य देऊळ, शिळा मंदिर आणि इंद्रायणीकाठचे गाथा मंदिर ही येथील प्रमुख स्थळे. गाथा मंदिराच्या भिंतींवर संगमरवरात अभंग कोरलेले आहेत. तुकाराम बीज म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीया आणि पालखी प्रस्थान म्हणजे ज्येष्ठ वद्य सप्तमी, या दोन दिवसांत मोठी गर्दी असते. पोलीस त्या काळात वाहतुकीचे मार्ग बदलतात, त्यामुळे नुसते फिरायला येणाऱ्यांनी हे दिवस टाळलेले बरे.

नदी ओलांडून पुढे गेल्यावर भंडारा डोंगराचा फाटा लागतो. तुकाराम महाराज चिंतनासाठी येथे येत असत, अशी वारकरी परंपरा सांगते. माघ शुद्ध दशमीला येथे मोठा सोहळा होतो. त्याहून कितीतरी आधीच्या काळातील बौद्ध लेणी याच डोंगरात आहेत. वरपर्यंत वाहनरस्ता आहे, मात्र वळणे आणि चढ दोन्ही आहेत. स्कूटरला गिअर नसल्यामुळे उतरताना इंजिनाचा आधार कमी मिळतो. अशा वेळी ब्रेक सतत दाबून धरला तर तो तापतो. वेग आधीच कमी ठेवावा आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे लावत उतरावे.

दुपार : सुदुंबरे आणि एका वहीची गोष्ट

संताजी जगनाडे यांचा जन्म चाकणचा. घरचा व्यवसाय तेलाच्या घाण्याचा. ते तुकाराम महाराजांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक होते आणि महाराजांचे अभंग लिहून घेत. गंगाराम मवाळ हे दुसरे लेखनिक म्हणून ओळखले जातात. तुकाराम महाराजांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. लोकांच्या मुखी असलेले अभंग संताजींनी पुन्हा लिहून काढले, असेही परंपरा मानते.

कथा बाजूला ठेवली तरी संताजींचे महत्त्व कमी होत नाही. तुकाराम महाराजांचे निर्वाण १६५० चे. गाथेची शासकीय साहाय्याने निघालेली प्रसिद्ध छापील आवृत्ती १८६९ पासून प्रकाशित होऊ लागली. म्हणजे मधली दोनशेहून अधिक वर्षे हे अभंग पाठांतर आणि हस्तलिखिते यांवरच टिकले. पाठांतरात शब्द बदलतात, चरण मागेपुढे होतात, दुसऱ्याचे अभंगही मिसळतात. म्हणून तुकाराम महाराजांच्या सहवासातील माणसाच्या हातच्या वह्यांना अभ्यासक मोल देतात. वि. ल. भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास जगनाडे यांच्या वह्यांवरून गाथा छापली. ती ‘जगनाडी संहिता’ म्हणून ओळखली जाते. ब्राह्मणेतर घरातील, तेलाचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने सतराव्या शतकात इतके लेखन करावे, ही त्या काळातील साक्षरतेबद्दल विचार करायला लावणारी बाब आहे.

सुदुंबरे येथील समाधीबद्दल एक आख्यायिका सांगतात. संताजींच्या देहावर कितीही माती टाकली तरी चेहरा झाकला जाईना. तुकाराम महाराजांनी दिलेल्या वचनाप्रमाणे ते स्वतः आले आणि त्यांनी तीन मुठी माती टाकल्यावरच समाधी पूर्ण झाली. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला येथे पुण्यतिथी सोहळा होतो आणि राज्यभरातून, विशेषतः तेली समाजातून, भाविक येतात. ८ डिसेंबर हा जयंतीचा दिवस मानला जातो. भारतीय टपाल खात्याने २००९ मध्ये संताजींवर तिकीट काढले आहे.

गावाची दुसरी ओळख आधुनिक आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, पाचवी बटालियन सुदुंबरे येथे आहे. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला, तेव्हा मदतकार्यात या दलाचे जवान होते. तळ पाहण्यासाठी खुला नसतो, बाहेरून छायाचित्रेही काढू नयेत.

भामचंद्र : डोंगर आणि कारखाने

येथून चाकणच्या दिशेने, खेड तालुक्याच्या हद्दीत शिंदे-वासुली भागात भामचंद्र डोंगर आहे. तुकाराम महाराजांना येथे साक्षात्कार झाला, अशी श्रद्धा आहे. डोंगरात जुनी लेणी आहेत आणि काही ठिकाणी वारकरी साधक राहतात. पायथ्याशी स्कूटर लावून चढून जावे लागते.

वरून चारही बाजूंना चाकण औद्योगिक क्षेत्राचा पसारा दिसतो. येथे २००८ मध्ये डाऊ केमिकल कंपनीच्या प्रस्तावित संशोधन केंद्राविरुद्ध वारकरी आणि ग्रामस्थांनी आंदोलन केले होते. भोपाळ दुर्घटनेशी संबंधित युनियन कार्बाइड या कंपनीची मालकी डाऊकडे गेलेली असल्यामुळे विरोध अधिक तीव्र होता. पुढे तो प्रकल्प येथे झाला नाही. मात्र औद्योगिक वाढ आणि डोंगरांचे रक्षण यांतला ताण कायम आहे. कारखान्यांमुळे परिसरातील तरुणांना रोजगार मिळाला, आणि त्याच वाढीने डोंगरांच्या पायथ्यापर्यंत बांधकामेही आणली.

संध्याकाळ : इंदोरी, कुंडमळा, तळेगाव

परतीच्या वाटेवर इंदोरी येथे दाभाडे घराण्याचा भुईकोट आहे. खंडेराव दाभाडे यांना छत्रपती शाहू महाराजांनी १७१७ मध्ये सेनापतिपद दिले. आज भुईकोटाचे दरवाजे, बुरूज आणि तटबंदीचा काही भाग दिसतो. आत कडजाई देवीचे मंदिर आहे.

इंदोरीजवळच्या कुंडमळ्यात इंद्रायणीने काळ्या बेसाल्ट खडकात रांजणखळगे कोरले आहेत. प्रवाहात अडकलेले दगडगोटे भोवऱ्यात फिरत राहतात आणि खडक पोखरत जातात. त्यातून ही कुंडे तयार होतात. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली खोल खड्डा असू शकतो, म्हणून येथे पाण्यात उतरणे धोक्याचे आहे.

याच ठिकाणी १५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, शेलारवाडीच्या बाजूला जोडणारा जुना लोखंडी पूल कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता, तरीही त्यावर मोठी गर्दी झाली होती आणि दुचाकीही आणल्या गेल्या होत्या. फेरी करणाऱ्याने यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मोबाइलवरील नकाशा जवळची वाट दाखवतो, पण पुलाची अवस्था सांगत नाही. फलक लावलेला असेल किंवा गावकरी नको म्हणत असतील, तर लांबचा रस्ता घ्यावा.

फेरीचा शेवट तळेगाव दाभाडे येथे करता येतो. बनेश्वर मंदिराच्या आवारात उमाबाई दाभाडे यांची समाधी आहे. पतीच्या आणि पुत्राच्या मृत्यूनंतर या घराण्याचा कारभार त्यांनी सांभाळला.

निघण्यापूर्वी

- तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनर आणि अवजड ट्रकची वर्दळ दिवसरात्र असते. शक्यतो सकाळी लवकर निघावे आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे. वळणाऱ्या कंटेनरच्या डाव्या बाजूला कधीही घुसू नये. चालकाला तेथील दुचाकी दिसत नाही.
- मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. पुण्याकडून किंवा लोणावळ्याकडून येताना जुना महामार्ग घ्यावा.
- हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही सक्तीचे आहे.
- स्कूटर भाड्याची असेल तर पाटी काळी आणि अक्षरे पिवळी हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.
- पावसाळ्यात मावळ हिरवागार असतो, पण डोंगररस्त्यांवर शेवाळ आणि खडी येते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा.