सर्जन व्हायचे आहे? एमबीबीएसच्या पहिल्या वर्षापासून काय करावे आणि काय टाळावे

एमबीबीएसला प्रवेश मिळून महिना होत नाही, तोच नातेवाईक विचारू लागतात, "मग पुढे कशात स्पेशलायझेशन करणार?" छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'घाटी'त, किंवा एमजीएममध्ये शिकणारे अनेक जण उत्तर मनात ठरवूनच येतात: ऑर्थो, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी. या शाखांच्या जागा थोड्या आणि इच्छुक फार, त्यामुळे तयारी लवकर सुरू करावी हे खरे. पण 'लवकर तयारी' म्हणजे पहिल्या वर्षीच पीजीचा क्लास लावणे, असा अर्थ घेतला तर नुकसान तुमचेच होते.

थोडक्यात
• जागा रँकवर मिळते आणि रँक पहिल्या दिवसापासूनच्या समजून केलेल्या अभ्यासावर.
• सर्जनचा हात आणि नजर वॉर्डात, कॅज्युअल्टीत आणि थिएटरमध्ये घडते.
• थिएटरमध्ये पाऊल टाकण्याआधी हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण करा.
• शाखा पहिल्या वर्षी ठरवण्याची गरज नाही.

वाट किती लांब आहे?

एमबीबीएसची साडेचार वर्षे, एक वर्ष इंटर्नशिप, त्यानंतर एमएसची तीन वर्षे. ऑर्थोपेडिक्स, नेत्ररोग किंवा ईएनटी घेतले तर इथे तुम्ही त्या शाखेचे सर्जन झालात. युरोलॉजी, प्लास्टिक किंवा न्यूरोसर्जरी करायची असेल तर साधारणपणे आधी एमएस जनरल सर्जरी, मग नीट-एसएस आणि पुढे एमसीएचची तीन वर्षे. बेरीज केली तर साडेअकरा वर्षे होतात. शासकीय महाविद्यालयातून शिकलात तर बंधपत्राची सेवा वेगळी.

एक थेट वाटही आहे. न्यूरोसर्जरीसारख्या विषयात काही राष्ट्रीय संस्थांमध्ये एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा एमसीएच अभ्यासक्रम असतो. न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी आणि बालशल्यचिकित्सा यांत सहा वर्षांचे थेट डीआरएनबीही करता येते. मात्र इथे एमएस जनरल सर्जरीचा टप्पा नसतो. मध्येच मन बदलले तर मागे फिरणे कठीण जाते, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.

निवड कशावर होते?

परदेशातल्या विद्यार्थ्यांचे व्हिडिओ पाहून अनेकांना वाटते की शोधनिबंध, शिफारसपत्रे आणि मुलाखत यांवर जागा मिळते. आपल्याकडे एमएसची जागा परीक्षेतल्या क्रमांकावर मिळते. नीट-पीजीत २०० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण जातो. एम्स, पीजीआय चंदीगड, जिपमर अशा संस्थांसाठी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते. राज्य कोट्याची पात्रता आणि बंधपत्राचे नियम बदलत असतात. ते सीनियरच्या तोंडून ऐकू नका. सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

या परीक्षेत एमबीबीएसचे सगळे, म्हणजे १९ विषय येतात. "मला सर्जरीच करायची आहे, पीएसएम कशाला वाचू?" असे म्हणणाऱ्याची रँक नेमकी तिथेच घसरते.

पहिले वर्ष: डिसेक्शन हॉल सोडू नका

सर्जरीची खरी सुरुवात अ‍ॅनाटॉमीत होते. जांघेतला इंग्वायनल कॅनाल नीट उलगडून पाहिला असेल तर पुढे हर्निया पाठ करावा लागत नाही. थायरॉइडच्या मागून जाणारी रिकरंट लॅरिंजिअल नर्व्ह स्वतः शोधली असेल, तर ऑपरेशननंतर रुग्णाचा आवाज का बसतो हे आयुष्यभर लक्षात राहते. टेबलाच्या मागच्या रांगेत उभे राहू नका. स्काल्पेल हातात घ्या.

या वर्षाचे दुसरे उद्दिष्ट साधे आहे: पहिल्या फटक्यात पास होणे. बॅच मागे पडली की इंटर्नशिप उशिरा संपते आणि एखादी नीट-पीजी हातची जाऊ शकते. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले काही महिने इंग्रजी पुस्तके जड जातात. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. रोज दोन पाने मोठ्याने वाचा, न कळलेला शब्द वहीत टिपा. दिवाळीनंतर फरक जाणवेल.

वॉर्ड सुरू झाल्यावर

घाटी १९५६ सालापासूनची आहे. मराठवाड्याच्या जिल्ह्यांतून, शिवाय बुलढाणा, जळगाव आणि अहिल्यानगरकडूनही रुग्ण इथे येतात. मळणीयंत्रात सापडलेला हात, दुचाकीच्या अपघातातले मोडलेले हाड, मधुमेहामुळे चिघळलेला पाय, तंबाखू-गुटख्याने न उघडणारे तोंड हे सगळे पुस्तकात एकेका परिच्छेदात असते. इथे ते समोरच्या खाटेवर असते.

रोज एकच रुग्ण घ्या, पण पूर्ण घ्या. हिस्ट्री त्याच्या भाषेत घ्यायला शिका. "मुका मार लागलाय", "पोटात कळ येते", "फुगारा धरतो" यांचे वैद्यकीय अर्थ वेगवेगळे आहेत. ते ओळखता येणे हे निदानाचे अर्धे काम. संध्याकाळी त्याच आजारावरचे वीस प्रश्न सोडवा. अशाने वॉर्ड आणि परीक्षा यांचा अभ्यास एकत्रच होतो. युनिटच्या इमर्जन्सीच्या दिवशी परवानगी घेऊन रात्री दहापर्यंत थांबा. अ‍ॅपेंडिक्सचे निदान कसे आणि कधी पक्के होते, ते तिथे दिसते.

हाताची तयारी

यासाठी महागडे किट लागत नाही. साधा नीडल होल्डर, टूथ्ड फोरसेप्स आणि फोमचा तुकडा पुरे. सर्जिकल गाठ सुती दोऱ्याने खाटेच्या दांड्यावर बांधायला शिका: आधी दोन्ही हातांनी, मग एका हाताने. रोज दहा मिनिटे पुष्कळ झाली. मुदत संपलेले टाके सिस्टरांना विचारूनच सरावासाठी घ्या. डावखुरे असाल तर रजिस्ट्रारना आधीच सांगा. डावखुरेपणा सर्जरीच्या आड येत नाही.

पहिल्यांदा ऑपरेशन पाहताना चक्कर आली तर? पुष्कळांना येते. कारण बहुधा उपाशी पोट, उकाडा आणि फार वेळ एका जागी उभे राहणे. खाऊन जा, पाणी प्या, पायांची बोटे हलवत राहा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर तसे सांगा आणि टेबलापासून मागे सरून खाली बसा. यावरून तुम्ही सर्जन होणार नाही असा निष्कर्ष काढू नका.

आधी स्वतःचे संरक्षण

हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी घेतात. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस तपासा. पातळी १० किंवा अधिक असेल तर संरक्षण आहे. हे पहिल्या वर्षातच उरका.

वापरलेली सुई टोचली तर:
• जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नका.
• लगेच ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगा आणि नोंद करून घ्या.
• एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे लागणार असतील तर शक्यतो २ तासांत, कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. कोर्स २८ दिवसांचा असतो.

"सर रागावतील" म्हणून लपवणे हा यातला सर्वांत मोठा धोका आहे.

मनाचेही तसेच आहे. सलग दोन आठवडे झोप लागत नसेल, पुस्तक उघडवत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल तर ते आळसाचे लक्षण समजू नका. मानसोपचार विभागात जा किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला.

संशोधन करावे का?

केवळ जागेसाठी नको, पण करून पाहण्यासारखे आहे. आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी १९७९ पासून सुरू आहे. दोन महिन्यांच्या त्या कामातून प्रश्न कसा मांडावा हे समजते. त्याचा उपयोग एमएसच्या प्रबंधाच्या वेळी होतो.

शाखा कधी ठरवावी?

इंटर्नशिपपर्यंत मन मोकळे ठेवा. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेले डॉ. तात्याराव लहाने औरंगाबादला शिकले आणि नेत्रशल्यचिकित्सक झाले. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नेत्ररोग ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या यादीत क्वचितच वर असणारी शाखा, पण मोतीबिंदू काढून माणसाला पुन्हा दिसू लागणे हे काम किती मोठे आहे ते ओपीडीत बसल्याशिवाय कळत नाही. इलेक्टिव्हचा काळ यासाठीच वापरा. त्या शाखेतल्या रजिस्ट्रारचा एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र जवळून पाहा. थिएटरमधला रुबाब सोडून उरलेले कामही आवडले, तर शाखा तुमची. "मुलींना सर्जरी झेपत नाही" म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

हवी ती रँक आली नाही तर?

असे अनेकांचे होते. डीएनबी जनरल सर्जरी हा चांगला पर्याय आहे आणि त्यानंतरही नीट-एसएस देता येते. नेत्ररोग आणि ईएनटीत एनबीईएमएसचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर आधी कारण शोधा: अभ्यास कमी पडला, की उजळणी, की पेपर सोडवण्याची पद्धत? कारण न शोधता थांबलेले वर्ष बहुतेकदा पहिल्यासारखेच जाते. लाखोंची फी भरून जागा घेण्याआधी त्या रुग्णालयात किती ऑपरेशन होतात आणि निवासी डॉक्टरांना प्रत्यक्ष किती करायला मिळतात, हे तिथल्याच निवासी डॉक्टरांना विचारा. सर्जरी शिकायची तर रुग्ण हवेत. इमारत कितीही चकचकीत असली तरी ती उणीव भरून निघत नाही.

आजपासून एवढेच करा: उद्याचे डिसेक्शन चुकवू नका, लसीचा पहिला डोस घ्या आणि रात्री दहा मिनिटे गाठ बांधा.