राग नाटकावर होता की लेखकाच्या धर्मावर?

आर्थर श्निट्झलर हे व्हिएन्नातले डॉक्टर आणि लेखक, ज्यू घराण्यातले. 1896-97 मध्ये त्यांनी ‘रायगेन’ हे नाटक लिहिलं. त्यात दहा संवाद आहेत. वेश्येला शिपाई भेटतो, शिपायाला मोलकरीण, असं करत साखळी सरदारापर्यंत जाते आणि सरदार पुन्हा त्याच वेश्येकडे येतो. संबंध रंगमंचावर दिसत नाही. दिसते ती आधीची लाडीगोडी आणि नंतरचा तुटकपणा. वासनेपुढे गरीब-श्रीमंत सारखंच खोटं बोलतात, हेच लोकांना झोंबलं.

1920 मध्ये बर्लिनला नाटक रंगमंचावर आलं. फेब्रुवारी 1921 मध्ये व्हिएन्नात जमावाने थिएटरात घुसून प्रयोग उधळला. भाषा नीतीची होती, पण निशाण्यावर लेखकाचं ज्यू असणंही होतं. बर्लिनच्या कोर्टाने खटल्यातून कलाकारांना निर्दोष सोडलं. तरीही पुढे श्निट्झलरांनी स्वतःच प्रयोगांना मनाई केली. ती 1982 पर्यंत टिकली.

मंटोवरही अश्लीलतेचे खटले झाले, हे उर्दू वाचकाला ठाऊक आहेच. एखादं लिखाण आपल्याला खटकलं तर जरूर वाद घालावा. पण लेखकाचा धर्म कळल्यावर राग वाढत असेल, तर तो राग पुस्तकावरचा नव्हे.