पुस्तक मिटून तीन मिनिटं

ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात शांतता शोधायला कोणी जात नाही. दुकानं उघडली की हॉर्न, हातगाड्या आणि गिऱ्हाइकांची घासाघीस रात्रीपर्यंत थांबत नाही. तरीही अभ्यासाच्या ताणातल्या छोट्या विश्रांतीचा विचार मला लश्कर भागातल्या या बाजारातूनच सुरू करावासा वाटतो, कारण आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या खोल्या अशाच गजबजाटात असतात.

ग्वाल्हेरला या विषयाची जुनी ओळख आहे. किल्ल्यावरच्या सिंधिया स्कूलमध्ये रोज सूर्यास्ताच्या वेळी मुलं एकत्र, न बोलता बसतात. त्याला ‘अस्ताचल’ म्हणतात. शाळेचे एकेकाळचे प्राचार्य एफ. जी. पियर्स पुढे ऋषी व्हॅली शाळेतही होते, आणि ही रीत तिथंही आहे. पण किल्ला प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. किल्ल्याखालच्या मुलांना मी दुसरा दाखला देईन: 1918 साली संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या पुढाकारानं सुरू झालेलं माधव संगीत महाविद्यालय. तिथं तंबोरा जुळवताना जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की नादात लाटा येतात. खुंटी हळू पिळत गेलं की त्या लांबतात आणि विरतात. त्या लाटा ऐकणाऱ्याला पलीकडच्या खोलीतला तबला थांबण्याची गरज पडत नाही. अवधानाला शांतता लागते, हा समज इथं गळून पडतो.

मग करायचं काय? पुस्तक मिटावं, पाठ टेकावी, डोळे उघडे ठेवले तरी चालतील. श्वास आत येऊ द्यावा आणि सोडताना थोडा लांबवावा. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो आणि ठोके किंचित मंदावतात. खाली हॉर्न वाजला तर तो ऐकावा, त्याच्याशी भांडू नये, पुन्हा श्वासाकडे यावं. उद्याचा पेपर आठवला तरी तसंच. तीन मिनिटं पुरेत.

प्राणायामाला प्रयोगशाळेत नेणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. 1979 मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी ध्यानाचा अभ्यासक्रम रुग्णांसाठी आखला आणि पुढे संशोधनाला पूर आला. त्यात पोहताना सावध राहावं. केंब्रिजच्या सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांवरच्या 2018 च्या अभ्यासात असा अभ्यासक्रम केलेल्यांना परीक्षेच्या दिवसांत कमी त्रास झाला. उलट ब्रिटनमधल्या 8 हजारांहून अधिक शाळकरी मुलांवरच्या चाचणीत (2022) वर्गात सरसकट दिलेल्या ध्यानाच्या शिक्षणाचा नेहमीच्या तासांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही; बहुतेक मुलांनी घरी सराव फारसा केलाच नव्हता. मला हा दुसरा निकाल अधिक मोलाचा वाटतो. वेळापत्रकात आणखी एक तास कोंबून, वर त्याचे गुण देऊन, हे साधत नाही. (काही पालक त्याचीही शिकवणी लावतील, ही भीती आहेच.)

नव्या वाचकानं आधी स्वतः आठवडाभर करून पाहावं, मग शोधनिबंधांकडे वळावं. डोळे मिटून बसल्यावर ज्याची घालमेल वाढते, त्यानं बसण्याचा हट्ट सोडून चालावं. आणि झोप, भूक हरवून दिवस जात असतील तर तीन मिनिटांवर विसंबू नये: ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला 14416 वर फोन करावा, घरच्यांना सांगावं.