मागील पानावरून पुढे

आमचे आजोबा परतुरात एकाच घरात जन्मले आणि त्याच घरात गेले, पण तेवढ्यात त्यांनी चार राज्यं पाहिली. आधी निजामाचं संस्थान, 1948 च्या सप्टेंबरनंतर हैदराबाद राज्य, 1956 साली द्विभाषिक मुंबई आणि 1960 ला महाराष्ट्र. पुढे 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला, आणि परभणीतलं परतूर रात्रीतून जालन्यात आलं. बँकेत बदली झाली की माणूस हलतो; आमच्याकडे माणसं जागेवर आणि जिल्हा हलतो! अशा घरात टिकलं काय, तर दिवाळीचं तबक आणि त्यातला हाली सिक्का.

हाली सिक्का म्हणजे निजामाचा रुपया. वर चारमिनार. सात हालीला सहा कलदार हा भाव. 1959 साली तो चलनातून गेला, आमच्या तबकातून नाही. नरकचतुर्दशीला पहाटे आई एकेकाला ओवाळायची. ज्याला ओवाळायचं त्याच्या हातात आधी तीच सिक्का द्यायची. त्यानं तो तबकात टाकायचा, की तिनं उचलून पुढच्याला द्यायचा. एका नाण्यात सात जणांची ओवाळणी! पुढे बी.कॉम.ला चलनाचा भ्रमणवेग शिकवला, तेव्हा वर्गात मला एकट्यालाच तो समजला. शेवटी सिक्का आईच्या डबीत जाई. वर्षभराची मुदतठेव, बिनव्याजी.

आई गेली त्या वर्षी घरात तळण झालं नाही. नातेवाइकांनी डबे आणून दिले. यंदा सौ.नं कढई चढवली आणि ध्यानात आलं, की आईनं कुठंच काही लिहून ठेवलेलं नाही. उटण्यात काय किती, तांदूळ किती दिवस भिजवायचे... एकही व्हाउचर नाही! तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून अनारसे केले. तेलात पडताच ते हसले. आम्ही कुणी हसलो नाही.

तेव्हा मी ठरवलं, की मुलांना निदान सिनेमे तरी दाखवायचे. आमच्या लहानपणी दिवाळीच्या सुटीत गल्ली वर्गणी काढून रात्रभरासाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायची. तीन कॅसेटी. त्यातली एक वडील हट्टानं 'श्यामची आई' आणवत. गल्लीचा सवाल असे, "रंगीत टीव्हीचं भाडं भरून काळापांढरा पिक्चर?" सवाल बिनतोड होता. म्हणून तो पहिला लावून उरकत. बायका रडून घेत, मग मारामारीचे सिनेमे.

साने गुरुजींनी पुस्तक लिहिलं 1933 साली, नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत. (आमच्याकडे एक चेकबुक यायला याहून जास्त लागतात.) अत्र्यांनी 1953 साली सिनेमा काढला, वनमाला आई, माधव वझे श्याम. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. एवढी माहिती मी फोन भिंतीला टेकवून दिली. चिरंजीव जांभई देऊन म्हणाले, "दीडपट वेगानं लावू का?" आईची माया दीडपट वेगानं कशी बघायची? त्याला गुंतवायला मी फाळक्यांवर गेलो. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, मूळचे आचारी. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर रामही तेच, सीताही तेच. यावर मात्र तो उठून बसला. "मग रामाला सीता सापडली कशी?"

कन्या काही बोलली नाही. सिनेमा संपल्यावर एवढंच म्हणाली, "आजी अशीच होती?"

"छे! आजी लाटणं उगारायची," मी म्हणालो. खरं तेच सांगितलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. बँकेच्या सुट्या 1881 च्या कायद्यानं मिळतात. लक्ष्मीपूजन त्यात बसतं, पाडवा बसतो, नरकासुर बसत नाही. तरी दहाला काउंटरवर बसायचं असूनही मी चारला उठलो, कारण उठवणारी आता नव्हती. उटणं अंदाजानं कालवलं. मुलांना "उठा" म्हणताना माझाच आवाज आईसारखा चिरका लागला. कन्येची अंघोळ झाली, ती दगडावरून हलेना.

"बाबा, पाय मळतील."

पुस्तकात श्यामची आई ओचे पसरते. माझ्या अंगात बनियन. खांद्यावरचा टॉवेल पसरायला वाकलो आणि कमरेत उसण भरली. ती टॉवेलवरून डौलात निघून गेली. सौ.नं ओवाळलं, सिक्का सगळ्यांच्या हातून फिरून पुन्हा तबकात पडला.

"आता हा डबीत कोण ठेवणार?" कन्येनं विचारलं.

सौ.नं माझ्याकडे बोट केलं. मी अजून वाकलेलाच होतो.